स्त्री-अपराधी : तुरुंग कीं आसरा?

अपराध घडला म्हणजे अपराध्यास शिक्षा झाली पाहिजे, ही कल्पना फार जुनी आहे. परंतु शिक्षा कशासाठीं, असा प्रश्न केला तर सर्वांचें उत्तर एक येत नाहीं. कोणी म्हणतात, केल्या कर्माचें फळ भोगावयास लावण्यासाठीं. कोणी म्हणतात, इतरांस दहशत बसावी म्हणून. कोणी म्हणतात, अपराध्यास कांहीं काळ समाजापासून दूर ठेवण्यासाठीं. आणि कोणी म्हणतात, त्यास सुधारून पुन्हां आपल्यांत आणण्यासाठीं. हे चारही हेतु एकाच शिक्षेनें साधतात असें नाहीं. अपराधी जेव्हां स्त्री असते, तेव्हां तर त्यांतील विरोध विशेष ठळकपणें दिसून येतो. तुरुंगाऐवजीं दुसरा कांहीं मार्ग अशा स्त्रियांसाठीं असूं शकतो काय, तो कोणीं व कोठें चोखाळून पाहिला, आणि त्या मार्गांतही कोणते खळगे आहेत, याचा थोडक्यांत विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

तुरुंग कोणासाठीं?

जगांतील बहुतेक तुरुंग पुरुष डोळ्यांपुढें ठेवून बांधलेले आहेत. आपल्या देशांत दर शंभर कैद्यांमागें स्त्रिया सुमारे चारच आहेत. संख्या थोडी, म्हणून त्यांच्यासाठीं वेगळे तुरुंगही थोडे. बहुतेक स्त्री-कैदी पुरुषांच्या तुरुंगाच्या एखाद्या कोपऱ्यांत भिंत घालून केलेल्या विभागांत राहतात. त्यामुळें शिक्षण, औषधोपचार, उद्योग यांची जी कांहीं सोय तुरुंगांत असते, तिचा उरलासुरला भाग त्यांच्या वाट्यास येतो.

याहून महत्त्वाचा भेद घरचा आहे. कर्ता पुरुष तुरुंगांत गेला तर घरावर मोठी आपत्ति येते यांत शंका नाहीं. परंतु बहुधा त्याची बायको किंवा आई चूल पेटती ठेविते, मुलें सांभाळते आणि भेटीच्या दिवशीं डबा घेऊन तुरुंगाच्या दाराशीं उभी राहते. स्त्री तुरुंगांत गेली म्हणजे तें घरच पुष्कळ वेळां मोडतें. मुलें नातलगांत वांटलीं जातात, किंवा तान्हीं असल्यास आईबरोबर कोठडींत येतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं आर. डी. उपाध्याय यांच्या खटल्यांत असा दंडक घालून दिला कीं, मुलास सहा वर्षांपर्यंत आईजवळ तुरुंगांत राहूं द्यावें, त्यास स्वतःचा आहार, पाळणाघर व शिक्षण मिळावें, आणि त्यास कैदी मानूं नये. नियम दयाळूपणाचा आहे. तथापि ज्या बालकानें कांहींच केलें नाहीं त्याचे पहिले शब्द तुरुंगाच्या भिंतींआड उमटावे, ही गोष्ट कोणत्याही नियमानें पालटत नाहीं.

आतां स्त्रियांचे अपराध पाहूं. कांहीं स्त्रिया घोर अपराध करितात हें खरें. परंतु निरनिराळ्या देशांतील चौकशींत वारंवार आढळून आलें आहे कीं, तुरुंगांत येणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळ जणी किरकोळ चोरी, फसवणूक, व्यसन अथवा दारिद्र्य यांपायीं तेथें येतात, आणि त्यांच्यापैकीं अनेकींनीं आधीं स्वतः मारहाण व अत्याचार सोसलेले असतात. अपराधी आणि पीडित या दोन व्यक्ति कायद्याच्या पुस्तकांत वेगळ्या असतात. येथें मात्र त्या एकाच देहांत वास करितात. या वस्तुस्थितीपासून आरंभ करून जो सुधारणेचा विचार केला जातो, त्यास आज स्त्रीवादी विचार असें नांव आहे. नांव नवें असलें तरी विचार नवा नाहीं.

न्यूगेटच्या बायका

इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या मिसेस एलिझाबेथ फ्राय या १८१३ सालीं लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत प्रथम गेल्या. तेथें सुमारे तीनशें बायका आपल्या मुलांसह अपुऱ्या जागेंत कोंडलेल्या होत्या. शिक्षा झालेल्या आणि अद्याप चौकशी न झालेल्या, सर्व एकत्र. तेथेंच निजणें, तेथेंच शिजवणें. पुढें १८१६ सालच्या अखेरीस फ्रायबाईंनीं तेथें नियमित जाणें आरंभिलें, आणि १८१७ सालीं कांहीं भगिनींच्या साह्यानें एक मंडळ स्थापन केलें.

फ्रायबाईंनीं प्रथम मुलांसाठीं शाळा काढण्याचा विचार कैदी आयांपुढें मांडला. शिक्षिका बाहेरून आणिली नाहीं. घड्याळ चोरल्याच्या आरोपाखालीं तेथें आलेल्या मेरी कॉनर नांवाच्या एका कैदी स्त्रीसच त्या बायकांनीं निवडलें. वर्तणुकीचे नियम वाचून दाखविण्यांत आले, आणि प्रत्येक नियमास बायकांची हात वर करून संमति घेण्यांत आली. शिवणकाम व विणकाम सुरू झालें. ज्यांस समाजानें बोलण्याचाही अधिकार ठेविला नव्हता, त्यांस आपल्या जीवनक्रमाविषयीं मत विचारण्यांत आलें. पुढील सर्व प्रयत्नांचें बीज या एका गोष्टींत आहे. १८२३ च्या तुरुंगविषयक कायद्यानें स्त्री-कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी हें तत्त्व इंग्लंडांत मान्य झालें.

परंतु या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. न्यूगेट तुरुंगच राहिला. १८१८ सालीं खोट्या नोटा चालविल्याबद्दल हॅरिएट स्केल्टन नांवाच्या स्त्रीस फांशीची शिक्षा झाली; फ्रायबाईंनीं गृहमंत्र्यांपर्यंत रदबदली केली, तरी ती वाचली नाहीं. तुरुंगाच्या आंत दया आणणें एक, आणि स्त्रीस तुरुंगापर्यंत येऊंच न देणें दुसरें. हें दुसरें कार्य एकोणिसाव्या शतकांत आपल्या पुण्यांत झालेलें आहे.

पुण्यांतील एक घर

१८६३ च्या सुमारास पुण्यांत काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात अर्भकाचा जीव घेतल्याचा खटला झाला. ती जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरीं स्वयंपाकास होती. एका शास्त्र्यानें तिला फशीं पाडलें; दिवस राहिल्यावर लोकलज्जेच्या भयानें तिनें तें भयंकर कृत्य केलें. न्यायालयानें तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शास्त्रीबोवांस मात्र कायद्यानें हात लाविला नाहीं.

त्या खटल्यांत न्यायाधीशांपुढें प्रश्न होता, मूल कोणीं मारलें? जोतीराव व सावित्रीबाई यांनीं दुसराच प्रश्न केला: तें मारण्याची वेळ तिच्यावर कोणीं आणिली? बालविवाह, सक्तीचें वैधव्य, पुनर्विवाहास बंदी, आणि पुरुषाच्या पापावर पांघरूण. एवढ्या भिंतींत कोंडलेल्या स्त्रीस काळ्या पाण्याची भीति दाखवून काय होणार? म्हणून त्या दंपतीनें आपल्याच आवारांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें किंवा येथेंच ठेवावें, तें त्यांच्या खुशीवर राहील, अशा आशयाचीं पत्रकें त्यांनीं भिंतींवर लाविलीं. जोतीरावांनीं १८८४ सालीं सरकारास लिहिलेल्या टिपणांत तोंपर्यंत ३५ विधवा तेथें आल्याचें नमूद आहे. यांपैकीं बहुतेक अर्भकें जगलीं नाहींत, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. गर्भ लपविण्यासाठीं केलेल्या उपायांनीं त्यांस पोटांतच इजा झालेली असे. तेथें जन्मलेलें एक मूल फुले दंपतीनें १८७४ सालीं दत्तक घेतलें. तेच यशवंतराव पुढें डॉक्टर झाले, आणि १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंच्या बरोबरीनें त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच सेवेंत सावित्रीबाईंस रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

काशीबाईंची ही एकटीचीच कहाणी नव्हती. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस अशाच अपराधासाठीं फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. ती पुढें कमी झाली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवर जो शब्दांचा मारा झाला, त्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक लिहून उत्तर दिलें. जो दोष उभयतांचा, त्याची शिक्षा एकटीलाच कां, हा त्यांचा रोख आजही शिळा झालेला नाहीं.

दयेचें घर तुरुंग कसें होतें?

यावरून कोणास वाटेल कीं, तुरुंगाचें नांव काढून सुधारगृहाचें नांव लाविलें म्हणजे काम झालें. इतिहास असें सांगत नाहीं.

अमेरिकेंत इंडियाना संस्थानांत १८७३ सालीं आणि मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम येथें १८७७ सालीं केवळ स्त्रियांसाठीं, स्त्रियांच्याच व्यवस्थेखालीं संस्था उघडण्यांत आल्या. हेतु निःसंशय थोर होता. परंतु अशा सुधारगृहांच्या प्रसाराबरोबर एक विपरीत परिणाम दिसूं लागला. ज्या लहानसहान, विशेषतः नीतिविषयक, अपराधांसाठीं पुरुषास दंड करून सोडून दिलें जाई, त्यांसाठीं स्त्रियांस “सुधारणेकरितां” दीर्घ काळ अडकवून ठेवण्यांत येऊं लागलें. सुधारणा केव्हां पुरी झाली हें ठरविणार अधिकारी; त्यामुळें सुटकेचा दिवस स्त्रीच्या हातीं राहिला नाहीं.

आयर्लंडचें उदाहरण याहून दुःखद आहे. तेथें धर्मसंस्थांनीं चालविलेलीं मॅग्डलीन गृहें पतित मानलेल्या स्त्रियांच्या उद्धारासाठीं निघालीं. विसाव्या शतकांत तेथें अविवाहित माता, निराधार मुली आणि न्यायालयांनीं तुरुंगाऐवजीं पाठविलेल्या स्त्रिया धोबीकाम करीत, वेतनावांचून आणि पुष्कळदां सुटकेची मुदत न कळतां, राहिल्या. शेवटचें गृह १९९६ सालीं बंद झालें. १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया या गृहांत येऊन गेल्याचें आणि त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक सरकारच्या मार्फत आल्याचें २०१३ सालच्या सरकारी अहवालांत नमूद झालें. त्याच वर्षीं आयर्लंडच्या पंतप्रधानांनीं संसदेंत या स्त्रियांची क्षमा मागितली. दया करणाऱ्यानें हिशेब देण्याचें नाकारलें म्हणजे काय होतें, हें पाहण्यास याहून दूर जावयास नको. धर्मकार्य व समाजकार्य करूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें हा धडा प्रामाणिकपणें वाचावा.

आपल्याकडेही हा दोष घडला आहे. १९७९ सालीं हुसेनआरा खातून यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें असें आलें कीं, बिहारमध्यें कांहीं स्त्रिया कोणताही आरोप नसतां, केवळ “संरक्षणासाठीं” म्हणून तुरुंगांत होत्या. न्यायालयानें त्याचा कडक निषेध केला.

अलीकडील प्रयत्न

स्कॉटलंडांत कॉर्नटन व्हेल या स्त्रियांच्या तुरुंगांत १९९५ ते १९९७ च्या दरम्यान सात स्त्रियांनीं आत्महत्या केल्या. त्यानंतर १९९८ सालीं निघालेल्या सरकारी अहवालानें स्त्रियांसाठीं तुरुंगाबाहेरील उपाय शोधण्यावर भर दिला, आणि २००३ सालीं ग्लासगो शहरांत ‘२१८’ या नांवाचें केंद्र सुरू झालें. इंग्लंडांतही स्टायल तुरुंगांत २००२-०३ या एका वर्षांत सहा स्त्रियांचे मृत्यु झाल्यावर जीन कॉर्स्टन यांजकडे चौकशी सोंपविण्यांत आली. मार्च २००७ च्या त्यांच्या अहवालांत ४३ सूचना आहेत. त्यांचें सार असें: ज्यांच्यापासून समाजास धोका नाहीं अशा स्त्रियांस तुरुंगांत धाडूं नये, गांवोगांवीं स्त्री-केंद्रें काढून न्यायालयांनीं त्यांस तेथें पाठवावें, आणि ज्यांस कैद अटळ आहे त्यांच्यासाठीं मोठ्या तुरुंगांऐवजीं घराजवळ लहान गृहें असावींत.

अशा केंद्राचा दिनक्रम कसा असतो? स्त्री सकाळीं येते आणि सायंकाळीं आपल्या मुलांकडे परत जाते. एकाच छपराखालीं वकिलाचा सल्ला, कर्जाचा निकाल लावण्यास मदत, व्यसनमुक्तीचे उपचार, घरांतील मारहाणीपासून संरक्षण, लेखनवाचन व उद्योगाचें शिक्षण, आणि मुलांसाठीं पाळणाघर यांची व्यवस्था असते. कांहीं स्त्रिया न्यायालयाच्या हुकुमानें येतात, कांहीं आपण होऊन येतात. कोण कशासाठीं आली हें एकमेकींस कळत नाहीं, म्हणून कपाळीं शिक्का बसत नाहीं. पुरुषांच्या हातून जिनें छळ सोसला तिला मोकळेपणानें बोलतां यावें म्हणून तेथील मंडळीही प्रायः स्त्रियाच असतात. तेथें “तूं काय केलेंस?” या प्रश्नाबरोबर “तुझें काय झालें होतें?” हाही प्रश्न विचारला जातो.

२१ डिसेंबर २०१० रोजीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें स्त्री-कैद्यांविषयींचे ७० नियम मान्य केले. ते बँकॉक नियम म्हणून प्रसिद्ध आहेत. गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या आया यांस शक्य तेथें कैदेवांचून शिक्षा द्यावी, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे.

एक आक्षेप

येथें विचारी वाचक विचारील कीं, हा पक्षपात नव्हे काय? पुरुषास तुरुंग आणि स्त्रीस पाळणाघर, हा कोणता न्याय? शिवाय जिचें नुकसान झालें त्या फिर्यादीचें काय?

आक्षेप रास्त आहे, आणि त्यास उत्तरही दिलें पाहिजे. पहिली गोष्ट, हा मार्ग सर्वच स्त्रियांसाठीं नाहीं. जिच्यापासून इतरांच्या जीवितास धोका आहे तिला आवरून ठेवणें भागच आहे. दुसरी गोष्ट, सर्वांस एकच वागणूक देणें म्हणजे समान वागणूक नव्हे. सहा महिन्यांच्या एकाच शिक्षेनें एकाचे सहा महिने जातात, तर दुसरीचें घर, काम आणि मुलें कायमचीं जातात. तिसरी गोष्ट, फिर्यादीचें हित चोर पुन्हां चोरी न करील यांत आहे. आणि कर्ज, व्यसन व मारहाण हीं कारणें जशींच्या तशीं ठेवून तुरुंगाचें दार उघडलें तर ती पुन्हां तेथेंच येण्याचा संभव अधिक. उलट हा मार्ग चांगला ठरला, तर अल्प अपराध करणाऱ्या पुरुषांसही तो कां नसावा, असा प्रश्न पुढें अवश्य करावा.

आपल्या देशांत

कायद्याचें साधन आपल्यापाशीं नाहीं असें नाहीं. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमान्वयें न्यायालयास योग्य वाटल्यास अपराध्यास चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं घरीं राहूं देतां येतें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्या समितीनें १९८७ सालीं स्त्री-कैद्यांच्या स्थितीविषयीं स्वतंत्र अहवाल दिला. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनें कांहीं लहान अपराधांसाठीं समाजसेवा ही शिक्षा प्रथमच घातली. ती १ जुलै २०२४ पासून अमलांत आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनीं स्त्री-कैद्यांस भेटून त्यांच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापुढें नेल्या, आणि १९८३ च्या निकालानें स्त्रियांच्या पोलीस कोठड्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा असावा असें ठरलें. एकट्या व्यक्तीच्या चिकाटीनें काय होतें याचें हें उदाहरण आहे.

उणीव आहे ती दुसरीकडे. आपल्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकीं सुमारे तिघे कच्चे कैदी असतात. त्यांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नसतो. जामिनाचा हुकूम मिळूनही जामीनदार न मिळाल्यामुळें गरीब स्त्री आंतच राहते, कारण माहेर व सासर दोन्ही दारें तिच्यासाठीं बंद झालेलीं असतात. यास्तव आपल्याकडे तुरुंगाऐवजीं दुसरा मार्ग काढावयाचा तर त्याचा आरंभ शिक्षेच्या वेळीं नव्हे, जामिनाच्या वेळीं झाला पाहिजे. न्यायाधीशानें स्त्रीस सोडलें तर ती आज रात्रीं कोठें निजेल, या प्रश्नाला उत्तर देणारें घर जवळपास पाहिजे.

चार कसोट्या

वरील इतिहासावरून अशा कोणत्याही संस्थेची परीक्षा करण्याच्या चार कसोट्या निघतात. पहिली, दार आंतून उघडतां येतें काय, आणि राहण्याची मुदत स्त्रीस आधींच ठाऊक असते काय? दुसरी, मूल आईपासून तुटत नाहीं ना? तिसरी, तिच्या कामाचे पैसे तिच्याच हातीं पडतात काय? चौथी, संस्थेच्या कारभाराची तपासणी बाहेरचा कोणी करितो काय, आणि नियम करतांना तेथील स्त्रियांस विचारलें जातें काय? पुण्याच्या त्या घरांत स्त्री आपल्या इच्छेनें येई, आणि मुलाविषयींचा निर्णय तिचाच असे. आयर्लंडांतील गृहें चारही कसोट्यांस उतरलीं नाहींत. दोन्ही ठिकाणीं आरंभीं तोंडीं दयेचीच भाषा होती, हें विसरूं नये.

विद्यार्थी मित्रांनो व भगिनींनो, हा विषय परीक्षेंत येणारा नव्हे. तथापि तुमच्यापैकीं कोणी पुढें वकील, न्यायाधीश, शिक्षक किंवा डॉक्टर होतील, आणि तेव्हां अशी एखादी स्त्री तुमच्यापुढें उभी राहील. त्या वेळीं केवळ कायद्याचें कलम आठवूं नये. तिच्या मागें कोण होतें आणि पुढें कोण आहे, हेंही पाहावें. वादविवाद मंडळांत चर्चा करण्याजोगे कांहीं प्रश्न खालीं देतों.

१. काशीबाईंच्या खटल्यांत न्यायाधीश तुम्ही असतां तर काय निकाल दिला असता? कायदा न मोडतां काय करतां आलें असतें?

२. “सुधारणा पुरी होईपर्यंत कैद” आणि “ठराविक मुदतीची कैद” यांपैकीं अधिक न्याय्य कोणती? कां?

३. आपल्या गांवीं असें स्त्री-केंद्र काढावयाचें झाल्यास त्यांत प्रथम कोणत्या तीन सोयी असाव्यात?

४. जिचें घर फोडलें गेलें त्या शेजारणीस हा मार्ग कसा समजावून सांगाल? तिचें नुकसान कोणीं भरून द्यावें?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत कठीण आहे. त्यास बगल देऊन पहिल्या तिहींचीं उत्तरें देणें सोपें जाईल. परंतु अशा उत्तरांचा ना त्या शेजारणीस उपयोग, ना त्या अपराधी स्त्रीस.